चौरंगाखालची मधमाशी

मगन वायरमनने शटरखालून आत डोकं घातलं आणि सांगितलं, "डीपी पाडला हो महाराज. गावात कुठीच लाइट नही."

डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, बंद झाला की आमच्या असोद्यात पुढे काही सिद्ध करायचं राहत नाही. केळीचं पाणी डीपीवर, दळण डीपीवर, पोरांचा अभ्यास डीपीवर. थ्री फेज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे पाहून लोक साखरपुड्याची वेळ धरतात. डीपी पडला म्हणजे वीज संपली, आणि त्यानंतर जे काही उजळेल ते देवाघरचं.

गुरुवार, दुपारचे चार. माझ्या सासऱ्यांचं कापसाचं गोदाम. शटर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, आत दीडशे माणसं, आणि समोर लाल मखमल पांघरलेल्या चौरंगावर पितांबर महाराज. दोन शिष्यांनी झांजा बडवायला सुरुवात केली. महाराजांनी मांडीवरची शाल सावरली, डोळे मिटले, आणि एक सुटी ट्यूबलाइट हातात उभी धरली. तिला ना वायर, ना पट्टी.

ट्यूब उजळली.

"माय माय माय," बायकांच्या बाजूने एकच सूर निघाला. पुढच्या ओळीतल्या दोघींनी तिथल्या तिथे फरशीला कपाळ टेकलं.

"पाह्यलं? वायर नही, काही नही," माझे सासरे गिरधर नाना शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले.

हेच नाना रोज पहाटे खाटेवर पडल्यापडल्या मोबाईलवरून मिस्ड कॉल देतात आणि दोन किलोमीटरवरच्या विहिरीतली मोटार सुरू होते. तिथेही नानांपासून मोटारीपर्यंत वायर नसते. पण त्या स्टार्टरला त्यांनी कधी हात जोडल्याचं मी पाहिलं नाही. एखाद्या दिवशी लागला नाही तर त्याच्या आईचा उद्धार मात्र ऐकला आहे.

झांजा थांबल्या, ट्यूब विझली, आणि महाराजांनी विज्ञान सुरू केलं. ते स्वतःला किरणशास्त्री म्हणवतात, बारा वर्षं हिमालयात तप करून आलेले.

"मोबाईल गरम का होतो?"

"बॅटरीनं," मागून कुणीतरी म्हणालं.

"चूक. तुम्ही बोलता ते सगळं पलीकडे पोचत नाही. चार आणे शब्द आतच अडकतात, आणि अडकलेला शब्द तापतो. खोटा शब्द जास्त अडकतो. ज्याचा मोबाईल जास्त गरम, त्याने आपलं आपण समजावं."

सात-आठ पुरुषांनी हातातले मोबाईल हळूच मांडीखाली सरकवले. त्यात नानाही होते.

"टीव्हीचा रिमोट कशावर चालतो? इच्छेवर. बटण दाबलं की इच्छेचा कण सुटतो. सेल उतरला की आपण जोर लावून दाबतो, बरोबर? सेलला जोर कळतो का? नाही कळत. इच्छेला कळतो."

"बरोबर हाये," गोदाम म्हणालं.

"मिक्सर का ओरडतो? वीज स्वभावाने सरळ चालणारी. तिला गोलगोल फिरवलं तर ती ओरडणारच. तुम्हाला फिरवलं तर तुम्ही नाही ओरडणार? मीटर उंचावर का बसवतात? वीज उताराने वाहते म्हणून."

यावर मगन वायरमनने गंभीरपणे मान हलवली. वीस वर्षं हा माणूस खांबावर चढतो. वीज त्याच्या डोक्यावरून आडवी जाते, आणि विहिरीतून वर आलेल्या पाण्यावर त्याचं स्वतःचं शेत भिजतं.

"फ्रिज काही थंड करत नाही. तो भाजीतली ऊब ओढून घेतो आणि मागच्या जाळीतून बाहेर फेकतो."

मी दचकले, कारण हे बरोबर होतं. कुठेतरी शाळेचं पुस्तक चाळलं असणार, नाहीतर नेम चुकला असणार. बाकी सगळ्या रोगावर इलाज एकच होता, 'तेजरोधक पत्री'. मोबाईलला चिकटवायचा चमकता चौकोन. आमच्या घरी पाच आल्या होत्या. मी एक नखाने खरवडून पाहिली. खालून बिस्किटाच्या पुड्यावरची अर्धी गव्हाची ओंबी निघाली.

इथवर मी हसू दाबून बसले होते. मग महाराजांनी आवाज खाली आणला.

"आणि सगळ्यात घातक यंत्र कोणतं? जे लेकराच्या कानात बसतं. ते ऐकतं, म्हणून कान ऐकायचं सोडतो. कान आळशी होतो."

दीडशे डोकी आमच्याकडे वळली. माझ्या मांडीवर माझी प्रियल होती. वय पाच वर्षं, दोन्ही कानांमागे जांभळी श्रवणयंत्रं.

प्रियलला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. आम्हाला हे कळायला अडीच वर्षं लागली, कारण सगळे म्हणत होते, पोरगी शांत आहे, नशीबवान आहेस. यंत्रं लागली आणि मी एक वही केली. तिने नवा शब्द म्हटला की वहीत लिहायचा, तारखेसकट. 'आई' हा शब्द सतराव्या नंबरवर आहे. त्याआधी 'बस', 'केळ' आणि 'नको' येऊन गेले. त्या गुरुवारपर्यंत वहीत दोनशे बारा शब्द झाले होते.

आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. माझा नवरा ललित धुळ्याला नोकरीला आहे, शनिवारी प्रियलला तिथल्या श्रवण केंद्रात नेतो. पंधरा दिवसांपूर्वी मला ताप आला म्हणून प्रियलला दोन दिवस असोद्याला ठेवलं. तेवढ्यात माझ्या सासूबाईंना, आक्कांना, कुणीतरी महाराजांचं 'आळशी कान' ऐकवलं. आक्कांनी दोन्ही यंत्रं काढून तांदळाच्या डब्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रियल यंत्रं पिशवीत घेऊन घरी आली, तहान लागली, आणि तिने माठाकडे बोट केलं. 'पाणी' हा शब्द वहीत चौथ्या पानावर आहे. तो तिने त्या संध्याकाळी म्हटला नाही, दुसऱ्या दिवशीही म्हटला नाही.

खोटं कशाला सांगू, 'कान आळशी होतो' हे वाक्य मीसुद्धा दोन दिवस मनात घोळवलं. बीएस्सी केलेली बाई आहे मी. पण आपलं मूल असलं की डिग्री भिंतीवर राहते. शेवटी धुळ्याच्या केंद्रातल्या ज्योत्स्ना मॅडमना फोन केला.

"यंत्र काढलं तर कान कष्टाळू होत नाही हो," त्या म्हणाल्या. "आवाज ओळखायला मेंदू शिकतो, आणि शिकायची वर्षं हीच आहेत. आवाजच पोचला नाही तर शिकणार काय? चष्मा लपवून ठेवला म्हणून कुणाचा नंबर गेलाय का आजवर?"

मी हे आक्कांना जसंच्या तसं सांगितलं. आक्का म्हणाल्या, "तुही मॅडम यंत्र इकते, तं असंच म्हनीन. महाराज म्हने, एक्केचाळीस दिवस बिनयंत्राची ठेवा. गुरुवारी यंत्र त्याईच्या हाती द्यायचं. त्याईनं सांगलं तसं मीठपानी करून ठेवलं मी."

मीठपाणी म्हणजे पितळी घंगाळात भरलेलं पाणी, त्यात सव्वा किलो मीठ. यंत्रं त्यात सोडली की 'तेज उतरतं'. आता ती त्यानंतर पुन्हा कधी बोलणार नाहीत, हे सांगायला महाराज लागत नाही.

ललितला फोन केला. तो म्हणाला, "आक्काला दुखवू नको. एकदा जाऊन ये. यंत्र तेवढं देऊ नको म्हणजे झालं." म्हणजे दीडशे लोकांत भांडायचं मी, आणि कुणाला दुखवायचंही नाही. धुळ्याहून असे सल्ले छान देता येतात.

तर ते घंगाळ आता महाराजांच्या चौरंगाशेजारी होतं, आणि आक्का पदर खोचून आमच्या दिशेने येत होत्या.

"दे मयुरी, पोरीले इकडी दे."

"थांबा आक्का."

"कायले थांबू? लोकं पाहू र्‍हायले."

महाराज गोड हसले. "माऊली, आईचं काळीज आहे, शंका येणारच. शंकेचं तेज फार वाईट. आधी अजून एकदा दर्शन घडवतो." शिष्यांनी पुन्हा झांजा उचलल्या. महाराजांनी शाल सावरली, ट्यूब धरली, ट्यूब उजळली.

प्रियलने माझी ओढणी ओढली. "आई, मधमाशी."

इथे मधमाशीबद्दल सांगायला हवं. प्रियलच्या यंत्राला एक बटण आहे. धुळ्याच्या केंद्रात वर्गाच्या भिंतीला तारेचं एक मोठं वेटोळं लावलं आहे. बटण दाबलं की यंत्र बाहेरचे आवाज बंद करतं आणि फक्त त्या वेटोळ्यातून आलेलं बाईंचं बोलणं घेतं, म्हणजे गोंगाटातही मुलांना नीट कळतं. पण यंत्राला बाईंची तार आणि इतर तार यातला फरक कळत नाही. जवळ कुठेही वेटोळ्यातून वीज खेळत असली की तेही त्याला ऐकू येतं. घरी प्रियल बटण दाबून इंडक्शनच्या शेगडीजवळ जाते आणि म्हणते, मधमाशी. मिक्सरच्या मोटारीजवळ, मधमाशी. पंख्याच्या रेग्युलेटरजवळ, बारकी मधमाशी. हा तिचा आवडता खेळ आहे. कंटाळा आला की ती बटण दाबते, आणि महाराजांच्या विज्ञानाचा तिला अर्थातच कंटाळा आला होता.

झांजा कानठळ्या बसवत होत्या आणि त्या तिला ऐकू येत नव्हत्या. मधमाशी येत होती.

ट्यूब विझली. "गेली," प्रियल म्हणाली.

डीपी पाडलेला. गावात कुठेच लाइट नाही. मग ही मधमाशी बसली कुठे?

मी उभी राहिले. "महाराज, यंत्र देते मी. माझ्या हाताने देते. फक्त आणखी दोनदा दर्शन घडवा, पाठोपाठ नको, तुमच्या मनाला येईल तसं."

"श्रद्धा वाढतेय," महाराज खूश झाले.

मी प्रियलला त्यांच्याकडे पाठ करून उभं केलं आणि माझे ओठ दिसतील असं समोर बसून तिला म्हणाले, "मधमाशी आली की सांग. गेली की सांग." मग माझ्या ओढणीने तिचे डोळे बांधले.

ट्यूब उजळली. "आली." विझली. "गेली." या वेळी महाराजांनी बराच वेळ घेतला. शिष्य नुसत्याच झांजा वाजवत राहिले. प्रियल गप्प. मग ट्यूब उजळली. "आली." लगेच विझली. "गेली. आई, ती घाबरली."

मला वाटलं, समजलं लोकांना. मी अजून माणसं ओळखायला शिकले नाही.

"अवं माय," एक म्हातारी उठली आणि तिने थेट प्रियलचे पाय धरले. "पोरीच्या अंगात आलं. डोये बांधून दिसतं तिले."

"गिरधर, तुह्या घरी देवी हाये रे," कुणीतरी म्हणालं. नानांची मान ताठ झाली. आक्कांनी महाराजांसमोरचा नारळ उचलला आणि नातीसमोर ठेवला. धंद्यात मुरलेल्या महाराजांनी संधी सोडली नाही. "पाहिलंत? मी तिच्या कानात तेज सोडलं. आता हिला यंत्राची गरजच नाही. सोडा पाण्यात."

अर्ध्या मिनिटात माझं लेकरू पेशंटपासून देवीपर्यंत पोचलं होतं, आणि दोन्हीकडे यंत्रं पाण्यातच जाणार होती.

मी प्रियलच्या डोळ्यांवरची ओढणी काढली आणि तिच्यासमोर बसले. ती ओठांकडे पाहून समजते. "प्रियल, मधमाशीचं घर कुठंय?"

घरी आम्ही हे शंभरदा खेळलोय. ती कान पुढे करून चालू लागली. घंगाळाजवळ गेली, मान हलवली. शिष्याजवळ गेली, मान हलवली. महाराज म्हणाले, "अरे, लेकराला आवरा," आणि घाईत शाल ओढून घेताना त्यांचा पाय कशावर तरी पडला असणार. हातात नसलेली, बाजूला ठेवलेली ट्यूब आपली आपण उजळली.

प्रियलने मखमलीवर हात ठेवला. "इथे. खूप मोठी."

"मगनभाऊ," मी म्हणाले, "तुम्ही वायरमन आहात. तेवढी मखमल उचला."

मगनने नानांकडे पाहिलं. नाना क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "उचल रे. आपल्याच गोदामातली हाये ती."

मखमल उचलली. चौरंगाखाली एक प्लास्टिकचा पाइप उभा होता, त्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार हजार वेढे घालून गुंडाळलेली. शेजारी इलेक्ट्रॉनिक भागांची छोटी हिरवी पट्टी. महाराजांच्या पायाच्या अंगठ्याखाली दारावरच्या बेलचं बटण. आणि या सगळ्याला वीज पुरवणारा काळा चौकोनी डबा पाहून अर्ध्या गोदामाने एकदमच ओळख दिली.

"हा तं फवारनी पंपाचा सेल," नाना म्हणाले. "बारा होल्टचा. आपल्या घरी दोन हायेत."

असोद्यात फवारणीचा बॅटरी पंप नाही असं घर नाही. रोज रात्री तो चार्जिंगला लागतो, सकाळी पाठीवर बसतो आणि डीपी असो नसो, दिवसभर चालतो. तरी डीपी पडला म्हटल्यावर त्या डब्यातही वीज असते हे दीडशेपैकी एकालाही आठवलं नाही. महाराजांनी लोकांचं अज्ञान वापरलं नव्हतं, सवय वापरली होती.

महाराजांचं पुस्तकी मराठी एव्हाना गळून अहिराणी बाहेर आली होती. "ओ भाऊ, ऱ्हाऊ द्या, मना सामान शे तो," ते मगनला म्हणत होते. "बठ्ठा मना सामान शे." सगळं सामान आपलंच आहे, हे त्यांनीच सांगून टाकलं.

"मग बारा वर्सं हिमालयात कोन व्हतं?" नानांनी विचारलं. उत्तर एका शिष्याने दिलं, झांजा पिशवीत भरता भरता: "धुळ्याले मिक्सर रिपेर करे तो."

मी मगनला म्हणाले, ट्यूब हातात धरा. त्याने धरली, मी अंगठ्याने बटण दाबलं. ट्यूब उजळली. मगन स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. "तारेतली वीज शेकडो वेळा चालू-बंद होते एका सेकंदात," मी सांगितलं. "तिच्याभोवतीच्या हवेत जो जोर तयार होतो तो ट्यूबमधल्या वायूला उजळवतो. हात कुणाचाही चालतो. चालू-बंदची तीच भुणभुण प्रियलच्या यंत्रानं पकडली. तुम्हाला थोडीफार ऐकू आली असती, म्हणून तर झांजा."

मग रांगच लागली. मघाशी दर्शनाला होती तेवढीच. मघाची म्हातारी, दोन सरपंच, एक आजी आणि एक माजी, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या हातात ट्यूब उजळली. शेवटी आक्कांनी धरली. उजळली. आक्कांनी ती लगेच खाली ठेवली, पोळल्यासारखी, खरं तर ती थंडगार होती.

"मी दोन दिवस पोरीले मुकी ठेवली," त्या हळूच म्हणाल्या. नाही म्हणणं खोटं झालं असतं.

नानांनी त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली. चमत्काराच्या नावाखाली असं फसवण्याविरुद्ध कायदा आहे आणि तो आपल्याच राज्याने केलेला आहे, हे त्यांना मी सांगितलं, आणि ठाण्यात त्यांनी ते मलाच समजावून सांगितलं. गावात दोन-तीन जण अजून म्हणतात, महाराजांकडे विद्या खरी होती, पेटी ललितच्या बायकोनंच खाली ठेवली. त्यांच्या मोबाईलवर अजून बिस्किटाचा कागद आहे.

सव्वा किलो मीठ वाया घालवणं आक्कांच्या स्वभावात नाही. त्यांनी त्याच मीठपाण्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा उकडल्या. ओट्यावर सगळे खात बसलो होतो. प्रियलच्या पुढ्यातल्या संपल्या. आक्का पाठमोऱ्या होत्या, टोपल्यात हात घालून. मी बघत होते, बोट वर येतंय का.

"आजी," प्रियल म्हणाली, "शेंगा दे. गरम."

आक्का वळल्या. 'शेंगा' वहीत नव्हता. दोनशे तेरा.

आता वाचणाऱ्यांना एकच विनंती. यंत्र कसं चालतं हे सगळ्यांना कळायलाच हवं असं नाही, मलाही अर्धंच कळतं. जे कळत नाही ते कळत नाही म्हणा, आणि ज्याला कळतं त्याला विचारा, मग तो वायरमन असो, डॉक्टर असो की पाच वर्षांची मुलगी. कुणी हातात दिवा लावून दाखवला तर रागावू नका, भांडू नका. पाया पडायला तुम्ही नाहीतरी वाकताच. तेवढ्यात चौरंगाखाली पाहून घ्या.